बांबू, पडदा आणि पाण्याखालचं देऊळ

बालमित्रांनो,

गेल्या अंकात कबूल केलं होतं, की पुढच्या वेळी शिडाच्या बोटीची गोष्ट सांगेन. आज सांगते. पण त्याआधी माझी एक चूक सांगायला हवी. कारण गोष्ट तिथूनच सुरू होते.

आमची शाळा भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्याकाठी. डोंगर ओलांडला की वेल्हे. येळवंडी नदीवरचं हे धरण जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचं. त्याच्या पोटात, कांबरे गावाजवळ, एक दगडी देऊळ बुडालेलं आहे. कांबरेश्वराचं. वर्षातले बहुतेक महिने ते पाण्याखाली असतं आणि मे-जूनमध्ये पाणी आटलं, की बाहेर येतं. तेव्हा माणसं दर्शनाला जातात. पावसाळा आला की देव पुन्हा पाण्यात!

मार्च महिना होता. पलीकडच्या काठावर खेळाच्या स्पर्धा होत्या आणि मी अकरा मुलांना घेऊन होडीनं निघाले होते. उशीर झाला होता. नावाडी मामा नेहमीप्रमाणे लांबचा वळसा घालू लागले. मी फोन काढला. नकाशात सगळं निळंशार. काठापासून काठापर्यंत नुसतं पाणी.

“मामा, सरळ घ्या ना. हे बघा, मध्ये काहीच नाही.”

मामांनी पडद्याकडं पाहिलं. “बाई, तुमच्या फोनात देऊळ दिसतंय का?”

मला त्यांच्या बोलण्याचा रोख कळलाच नाही. मी पुन्हा म्हटलं, “सरळच घ्या.” बाई म्हणतात म्हटल्यावर त्यांनी होडी सरळ घेतली. थोड्या वेळानं खालून धप्पकन आवाज आला. होडी एका अंगाला कलली, ओंजळी-ओंजळीनं पाणी आत आलं, दोघी मुली किंचाळल्या. मुलांच्या अंगात जाकिटं होती, म्हणून माझा जीव त्यातल्या त्यात थाऱ्यावर राहिला. मामांनी बांबू रोवून होडी मागं रेटली. पाणी उतरायला लागलं होतं, पण शिखर अजून वर आलं नव्हतं. ते हातभर पाण्याखाली उभं होतं.

पुढचा सगळा रस्ता मामा एक शब्दही बोलले नाहीत. रागावले असते, तर बरं वाटलं असतं मला.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, मामांकडं बांबू होता. पण समुद्रात बांबू कुठं पुरतो? मग तिथं काय करतात?”

प्रश्न चांगला होता. उत्तर शोधता शोधता मी थेट ‘तारिणी’पाशी पोचले.

‘तारिणी’ ही आपल्या नौदलाची शिडाची बोट. गोव्यात दिवार बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. २१ मे २०१८ला त्या परत आल्या. दुसरी प्रदक्षिणा २ ऑक्टोबर २०२४ला सुरू झाली. या वेळी बोटीवर फक्त दोघीजणी, दिलना के. आणि रूपा ए. २९ मे २०२५ला त्या गोव्यात परतल्या. पण या दुसऱ्या फेरीआधी ‘तारिणी’ची डागडुजी करून तिच्यावरची उपकरणं सुधारून घेतली होती.

आता तुम्ही म्हणाल, सात वर्षांची बोट म्हणजे काय म्हातारी झाली? सांगाडा नाही होत म्हातारा. पण बोटीवरच्या यंत्रांना सात वर्षं म्हणजे पुष्कळ. खारं पाणी आणि खारी हवा वायरीत शिरतात, आतलं तांबं हिरवं-काळं पडतं आणि वीज पुढं सरकत नाही. दुकानदार चकचकीत पडदा दाखवतो, पण जुन्या बोटीवर काम करणारी माणसं आधी वायरी तपासतात. पडदा कितीही महागाचा असो, मागची तार कुजलेली असेल तर तो काळाच!

मग विजेचा हिशेब. शिडाच्या बोटीला वारा ढकलतो, पण वारा काही पडदा उजळत नाही. वीज येते बॅटरीतून, बहुधा १२ व्होल्टच्या. डोलकाठीच्या टोकावर रात्री एक दिवा लावावा लागतो, म्हणजे दुसऱ्या जहाजांना बोट दिसते. जुना दिवा २५ वॉटचा असला, तर तो दोन अँपियर वीज खातो. बारा तास जळला की २४ अँपियर-तास संपले. त्याजागी एलईडी लावला, तर साधारण दहाव्या हिश्श्यात भागतं आणि उरलेल्या विजेवर बाकीची यंत्रं चालतात. म्हणजे बघा, दिशा दाखवणाऱ्या यंत्रांसाठी पहिला बदल करायचा तो दिव्यात! मला ही गोष्ट फार आवडली.

माझं मत विचाराल, तर नव्या यंत्रांत सगळ्यांत गुणी यंत्र म्हणजे एआयएस. ते रेडिओवरून सारखं सांगत असतं, ‘माझं नाव अमुक, मी इथं आहे, या दिशेला इतक्या वेगानं चालले आहे.’ आजूबाजूच्या मोठ्या जहाजांची अशीच हाकही ते ऐकतं. रात्रीच्या काळोखात शंभर-दोनशे मीटर लांबीच्या मालवाहू जहाजाला लहानशी बोट दिसणं कठीण. ती हाक ऐकू आली, तर टक्कर टळते.

एक गंमत मात्र नवी यंत्रं बसवणारे कधी कधी विसरतात. घरी होकायंत्र असेल तर त्याच्याजवळ रेडिओचा जुना स्पीकर नेऊन बघा. सुई कशी वेडीवाकडी फिरते! स्पीकरमध्ये चुंबक असतो ना. बोटीवर होकायंत्राशेजारी नवं यंत्र बसवलं, की तसंच होतं. सुई थोडी सरकते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून नवी यंत्रं लांब बसवायची आणि बसवल्यावर होकायंत्र पुन्हा तपासायचं.

आता नकाशा. माझ्या फोनसारखीच चूक फार मोठ्या माणसांकडूनही झाली आहे, हे वाचून मला जरा धीर आला. २०१४ साली जगाला वळसा घालणाऱ्या शिडाच्या बोटींची शर्यत चालू होती. त्यातली ‘वेस्टास विंड’ नावाची बोट केपटाऊनहून अबू धाबीकडं निघाली होती. बोट नवीकोरी, यंत्रं उत्तम, खलाशी कसलेले. २९ नोव्हेंबरच्या रात्री, मॉरिशसच्या ईशान्येला, ती भर वेगात प्रवाळाच्या खडकांवर चढली. हे खडक काही नवे नव्हते. कारगाडोस काराजोस हे त्यांचं नाव नकाशात होतं. पण पडद्यावरचा नकाशा लांबून बघितला, की बारीकसारीक गोष्टी गळतात. जवळ आणून, मोठा करून बघितला, तरच खडक दिसत होते. तो तसा बघायचा राहून गेला. नऊही जण वाचले, बोट मात्र तिथंच अडकली.

कागदी नकाशात हा धोका थोडा कमी. कागद काही तुमच्या मर्जीनं लहानमोठा होत नाही आणि जे छापलंय, ते डोळ्यांसमोर राहतं. म्हणून लांबच्या प्रवासाला निघणारे पुष्कळ जण अजून कागदी नकाशे बरोबर घेतात.

बोट कुठं आहे, हे सांगतं जीपीएस. आकाशात सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह सारखे वेळ सांगत असतात. यंत्र निदान चार उपग्रहांचे निरोप ऐकतं, प्रत्येक निरोप यायला किती उशीर झाला ते मोजतं आणि त्यावरून जागा काढतं. निरोप प्रकाशाच्या वेगानं येतो, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक! म्हणून जीपीएस म्हणजे खरं तर घड्याळच.

आणि या घड्याळाचं कॅलेंडर कधी कधी फसतं. स्कूटरचा मीटर ९९९९९च्या पुढं पुन्हा ०००००वर येतो, तसंच. उपग्रह आठवड्यांची मोजणी ६ जानेवारी १९८०पासून करतात, पण त्यांच्या जुन्या निरोपात १०२४ आठवडेच मावतात. मग पुन्हा शून्य. असं पहिल्यांदा झालं २१ ऑगस्ट १९९९च्या मध्यरात्री आणि दुसऱ्यांदा ६ एप्रिल २०१९च्या मध्यरात्री. त्या रात्रीनंतर काही जुनी यंत्रं अचानक वीस वर्षं मागची तारीख दाखवू लागली, तर काही नीट चालेनाशी झाली. जुन्या बोटीवरचं जीपीएस बदलायला कधी कधी एवढं एकच कारण पुरतं.

यंत्रं नसताना काय व्हायचं? ‘सुहेली’ची गोष्ट ऐका. सागवानाची ३२ फुटी शिडाची बोट, बांधलेली कुठं, तर आपल्या मुंबईत! रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशानं तिच्यातून १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ अशी एकट्यानं, कुठंही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. वाटेत रेडिओ बिघडला. कित्येक महिने तो जिवंत आहे की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सूर्याची उंची मोजून तो आपली जागा काढत राहिला. पण त्याच्या घरच्यांनी ते महिने कसे काढले असतील?

पुढं २०१८ साली त्याच शर्यतीच्या आठवणीत नवी शर्यत झाली. नियम जुनेच, जीपीएस वापरायचं नाही. आपले अभिलाष टॉमी ‘सुहेली’सारखीच गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन उतरले. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळ आलं. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली, त्यांना हलताही येईना. पण सुरक्षेसाठी दिलेल्या उपग्रह यंत्रावरून त्यांनी निरोप पाठवला. त्यांची जागा किनाऱ्यावर कळत होती. म्हणूनच २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज त्या अफाट पाण्यात नेमकं त्यांच्यापाशी पोचलं. ते यंत्र नसतं तर? विचारही करवत नाही.

हे सगळं मी मुलांना सांगत होते, तेव्हा मामाही दाराशी बसून ऐकत होते. त्यांचा पुतण्या मुंबईला असतो. पुढच्या खेपेला येताना त्यानं एक जुनं फिश फाइंडर आणलं, म्हणजे आवाजानं खोली मोजणारं यंत्र. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. तो तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली कळते. समुद्रातला बांबू तो हाच!

रविवारी आम्ही काठाजवळ परीक्षा घेतली. मामांनी फुटांच्या खुणा केलेला बांबू उभा केला. साडेअकरा फूट. पडद्यावर आलं दहा.

“दीड फूट खोटं बोलतंय,” मामा म्हणाले. त्यांना जरा आनंदच झाला असावा.

पुतण्या बटणं दाबत बसला. तीच पाचवीतली मुलगी मात्र होडीच्या कडेवरून वाकून बघत होती. काठीला बांधलेला यंत्राचा डोळा तिनं वर ओढला, ओल्या काठीवर वीत ठेवून मोजलं आणि म्हणाली, “बाई, हा डोळाच दीड फूट पाण्यात आहे. ते तिथनं खाली मोजतंय.”

अगदी बरोबर! मोठ्या शिडाच्या बोटीवरही नवं यंत्र बसवलं, की हा फरक त्याला आधी सांगावा लागतो. तिथं तर डोळ्याच्याही खाली बोटीचा कणा असतो, म्हणून कण्याखाली किती पाणी उरलं हे कळण्यासाठी वजाबाकीही करावी लागते.

मामांनी खिळा घेतला आणि यंत्राच्या डब्यावर कोरलं, ‘अधिक १॥’. देवळाच्या जागी पोरांनी रिकामा कॅन दोरीनं बांधलाय. वळसा मात्र मामा अजून घालतात, आणि मीही गप्प बसते.

आता तुमच्यासाठी गणित. ६ एप्रिल २०१९पासून पुढचे १०२४ आठवडे कोणत्या तारखेला भरतील? लीप वर्षं विसरू नका. उत्तर पोस्टकार्डावर पाठवा, गणित कसं केलं तेही लिहा.

तुमच्या
बाई