चाकांवरचे घर हाकताना

आपल्या समाजात वाहन हाकणारे हात पुष्कळ आहेत. कोणी रिक्षा चालवतो, कोणी टेम्पो, कोणी पाण्याचा टँकर, तर कोणी एस.टी.च्या स्टिअरिंगवर उभी हयात काढतो. परंतु जिच्यात स्वयंपाकाचा ओटा आहे, झोपायला बिछाने आहेत आणि संडाससुद्धा आहे अशी गाडी हाकण्याचा प्रसंग आपल्यापैकी फार थोड्यांवर आला असेल. तो प्रसंग २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्यावर आला. तेव्हापासून कचेरीत, विहारात, लग्नकार्यात जो भेटेल तो एकच विचारतो, "भाऊ, ते घर चालवताना वाटलं तरी कसं?" प्रत्येकाला निराळे सांगत बसण्यापेक्षा या आठवड्याचे सदर त्यासाठीच खर्च करतो.

आधी या गाडीविषयी. इंग्रजीत तिला कॅम्परव्हॅन म्हणतात. जर्मनीत फोक्सवॅगन कंपनीने १९५० साली डब्यासारखी एक व्हॅन बाजारात आणली आणि १९५१ पासून वेस्टफालिया नावाच्या कारखान्याने तिच्यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय बसवायला सुरुवात केली. हॉटेलचा खर्च न परवडणारी साधी कुटुंबेही मग मुलाबाळांसह हिंडू लागली. आज न्यूझीलंडसारख्या देशात अशा गाड्या भाड्याने मिळतात. आमची भाची तिथे क्राइस्टचर्च शहरात नर्स आहे. शिकली, परीक्षा दिल्या आणि स्वतःच्या हिमतीवर गेली. तिने आपल्या आईला, म्हणजे आमच्या ताईला, आणि आम्हा नवरा-बायकोला बोलावून घेतले. चार दिवसांची सुट्टी काढून तिने गाडी ठरवली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही मंडळाचा टेम्पो चालवता ना? मग पहिला दिवस तुमचा!"

परवान्याचे काम इथूनच करून नेले होते. आपल्या आर.टी.ओ.तून आंतरराष्ट्रीय परवाना काढता येतो. न्यूझीलंडमध्ये मोटारगाडीच्या साध्या परवान्यावर सहा हजार किलोपर्यंतची गाडी चालवता येते, त्यामुळे वेगळी परीक्षा लागली नाही. शिवाय तिथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे असते. निम्मी भीती तिथेच संपली.

उरलेली निम्मी मात्र गाडी पाहिल्यावर पुन्हा आली! सुमारे सात मीटर लांब आणि तीन मीटरहून उंच. आपल्याकडच्या टेम्पो ट्रॅव्हलरवर आणखी एक माळा चढवावा तशी. गाडी देणाऱ्या मुलीने तासभर सगळे समजावून दिले. स्वच्छ पाण्याची टाकी वेगळी, वापरलेल्या पाण्याची वेगळी. गॅसची टाकी बाहेरच्या कप्प्यात. दिव्यांसाठी निराळी बॅटरी, म्हणजे रात्रभर दिवे जळले तरी सकाळी इंजिन सुरू व्हायला अडचण नको. प्रत्येक कपाटाला खटका, प्रत्येक खणाला कडी. चालत्या गाडीत प्रत्येकाने पट्टा बांधून बसायचे. मागे उठून चहा करायला जायचे नाही. हे ऐकून आमच्या पत्नीने तिथेच विचारले, "अहो, मग घर कसलं हे? चालतं तेव्हा नुसती गाडीच की!" अगदी खरे आहे. ही गाडी चालते तेव्हा घर नसते आणि घर असते तेव्हा चालत नाही.

पहिले दहा किलोमीटर सर्वांत अवघड गेले. चालवणारा उजवीकडे बसतो, म्हणून डावी बाजू कुठवर पसरली आहे याचा अंदाज येत नाही. मन सारखे सांगते की गाडी पदपथाला घासणार, आणि हात आपोआप उजवीकडे ओढतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे आरसा. डाव्या आरशात कडेची पांढरी रेघ दिसत राहिली की गाडी आपल्या जागी आहे असे समजावे. दुसरी गोष्ट वळणाची. डावीकडे वळताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या आतून जाते, म्हणून थोडे पुढे नेऊन मगच वळवावे लागते. त्यात या गाडीचा मागचा भाग चाकांच्या पुष्कळ मागे येतो. पुढून गाडी डावीकडे वळली की शेपूट उजवीकडे झुलते. बैलगाडीवर उसाच्या मोळ्या लादून वळवणाऱ्या आमच्या आजोबांना हे कोणी शिकवावे लागले नसते.

तिसरी गोष्ट आवाजाची. रस्त्यावर पहिला खड्डा लागला तशी मागे भांडी, चमचे, ताटे सगळी एकदम बोलू लागली. ताई दचकून म्हणाली, "अरे, काही मोडलं का?" काही मोडले नव्हते. तासाभराने तो आवाज इतका ओळखीचा झाला की थांबला तरच चुकल्यासारखे वाटे.

क्राइस्टचर्चहून दक्षिणेला निघाले की कँटरबरीचे सपाट मैदान लागते. तिथे राकाइया नदीवरचा पूल आहे. सुमारे पावणेदोन किलोमीटर लांबीचा हा पूल त्या देशातला सर्वांत लांब रस्तापूल. पुलावर आडवा वारा असतो आणि आमच्या गाडीची उंच बाजू त्या वाऱ्याला शिडासारखी सापडत होती. समोरून दुधाचा मोठा टँकर गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि लगेच आत ओढली जाते. अशा वेळी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे, पण आवळू नये. वेग कमी करावा, हेच औषध. तिथे मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, साडेतीन टनांहून जड गाडीला ९० ची. आम्ही ८० च्या पुढे गेलो नाही. मागे गाड्या साचल्या की डावीकडे जागा पाहून थांबायचे आणि त्यांना पुढे जाऊ द्यायचे, अशी तिथली रीत आहे. पुढे जाणारा हात दाखवून आभार मानतो. आपल्याकडे हॉर्न वाजवून जे काम होते, ते तिथे दोन बोटे उचलून होते.

एकपदरी पूलही त्या देशात बरेच आहेत. पुलाआधीच्या पाटीवर दोन बाण असतात. आपल्या दिशेचा बाण लहान आणि तांबडा असेल तर आपण थांबायचे, समोरच्याला येऊ द्यायचे. पोलीस नाही, सिग्नल नाही, तरी पुलावर दोन गाड्या समोरासमोर उभ्या ठाकून भांडत नाहीत. कायदा पाटीवर लिहून भागत नाही, तो माणसाच्या सवयीत उतरावा लागतो, हे तिथे कळते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. नव्या गाडीवर बसणाऱ्याला सर्वांत मोठा धोका रस्त्याचा नसतो, स्वतःच्या मानपानाचा असतो. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत चाळीसगावचा प्रसंग लिहून ठेवला आहे. १९२९ साली सरकारी चौकशी समितीचे सदस्य म्हणून ते दौऱ्यावर होते. स्टेशनवरून त्यांना वस्तीत न्यायला टांगेवाले तयार होईनात. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. पाहुण्याला पायी न्यायचे नाही म्हणून वस्तीतलाच एक माणूस लगाम धरून बसला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीच्या पुलावर अपघात झाला. घोडा आणि टांगा खाली नदीत गेले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. आपला मान राखण्यासाठी त्या भाबड्या बांधवांनी आपला जीवच धोक्यात घातला, असे बाबासाहेबांनी नोंदवले आहे. दोष जातीच्या अहंकाराचा होता, यात शंका नाही. परंतु हाकणाऱ्या प्रत्येकाने त्यातून आपल्यापुरता धडा घ्यावा. मागे बसलेल्या माणसाचा जीव कोणाच्याही मानापेक्षा मोठा आहे. म्हणून संध्याकाळी मुक्कामाच्या जागी गाडी मागे घेताना भाची खाली उतरून हात दाखवत होती आणि आम्ही तिच्या हाताकडे पाहून एक-एक फूट सरकत होतो. शेजारचे लोक पाहत होते. पाहोत बापडे! विचारून गाडी लावण्यात कसला आला आहे कमीपणा?

आमचा मुक्काम टेकापो नावाच्या सरोवराकाठी होता. ते समुद्रसपाटीपासून ७०० मीटरहून उंच आहे. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचे पीठ पाण्यात तरंगते, त्यामुळे पाणी निळेशार, दुधाळ दिसते. त्या भागात रात्रीचे दिवे मुद्दाम मंद ठेवतात. २०१२ साली त्या परिसराला अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पत्नीने त्या लहानशा ओट्यावर पिठले-भात केला. जेवून बाहेर आलो तर आकाश चांदण्यांनी नुसते भरले होते.

पण आम्हाला त्या प्रवासातले जे कायमचे आठवते ते आकाश नव्हे. ते दुसऱ्या दिवशी सकाळी घडले.

या गाडीतल्या संडासाखाली एक पेटी असते, अठरा-वीस लिटरची. ती भरली की बाहेरून काढायची, ठरलेल्या जागी नेऊन गटाराच्या तोंडात रिकामी करायची, धुवायची आणि पुन्हा बसवायची. त्या देशात उघड्यावर मुक्काम करण्यासंबंधी २०११ चा कायदा आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीने गाडीत पक्का बसवलेला संडास असण्याची अट अधिक कडक झाली. घाण कोणाच्या दारात टाकायची नाही आणि ती उचलायला दुसरा माणूसही मिळायचा नाही.

ताईचे यजमान, आमचे भाऊजी, महापालिकेच्या सफाई खात्यात होते. आयुष्यभर त्यांनी शहराची घाण उचलली आणि निवृत्तीआधीच छातीच्या विकाराने गेले. सकाळी पेटी काढायची वेळ आली तेव्हा ताई काही न बोलता हातमोजे घेऊन पुढे झाली. जणू ते काम तिच्याच घरचे! भाचीने तिच्या हातातून मोजे काढून घेतले. म्हणाली, "आई, इथं पाळी असते. आज मामांची, उद्या माझी. तू बाहेर बसून चहा घे."

आम्ही पेटी घेऊन गेलो. तिथे आमच्या पुढे दोन माणसे रांगेत होती. एक पांढऱ्या केसांचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले वृद्ध गृहस्थ आणि एक तरुण बाई. दोघांच्याही हातात तशीच पेटी. त्यांनी आम्हाला "गुड मॉर्निंग" केले, हवेविषयी चार शब्द बोलले, आपापली पेटी धुतली, हात धुतले आणि गेले. कोणी नाक मुरडले नाही, की अंग चोरून लांब उभे राहिले नाही. ताई खुर्चीवर बसून हे सगळे पाहत होती. आम्ही परतलो तेव्हा म्हणाली, "हे ह्यांनी बघायला पाहिजे होतं रे." मग पुष्कळ वेळ ती बोलली नाही. चहा तसाच निवला.

वाचकहो, हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा कायदा आपल्या देशात १९९३ साली झाला, अधिक कडक कायदा २०१३ साली झाला, तरीही गटारात उतरून माणसे मरतात, आणि ती कोणत्या वस्तीतली असतात हे आपण जाणतो. घाण कोणालाच आवडत नाही, तिथेही नाही. फरक एवढाच की तिथे ज्याची घाण त्याने काढायची, आणि काढणारा त्यामुळे हलका ठरत नाही.

आता थोडे कामाचे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, म्हणजे अशा गाड्या आपल्याकडेही आहेत आणि त्यांना चालक लागणार आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असणारा माणूस ७,५०० किलोपर्यंतचे वाहतुकीचे वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो. आपल्या तरुणांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आणि अशी गाडी कधी हाती आलीच, तर निघण्यापूर्वी खाली उतरून एक फेरी जरूर मारावी. गॅस बंद केला का, विजेची वायर काढली का, पायरी आत घेतली का, छताची खिडकी लावली का, कपाटांचे खटके बसले का, हे हात लावून पाहावे. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवावी. झाडाची फांदी आणि पेट्रोल पंपाचे छत आपल्याला सांगायला येत नाहीत. उतारावर खालचा गिअर टाकावा, ब्रेकवर सगळा भार टाकू नये.

आणि संडासाच्या पेटीची पाळी पहिल्याच दिवशी ठरवावी. तीत घरच्या पुरुषांचे नाव सर्वांत वर लिहावे.

जयभीम!