मुक्या सोबत्याचें ताट आणि हिरवी भाजी

आमच्या ठाणें शहरांत, तसेंच कल्याण-डोंबिवलीकडे, कुत्रा हा केवळ राखणदार न राहतां घरांतलेंच एक मूल झाला आहे, अशीं घरें आतां पुष्कळ आढळतात. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु ज्ञानाची जोड नसेल तर प्रेमाचा घांसहि घातक ठरतो, हें आम्ही विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या नजरेस आणूं इच्छितों.

संत नामदेवांची कथा सर्वांस ठाऊक आहे. कुत्र्यानें पोळी पळविली, तेव्हां त्यानें ती कोरडी खाऊं नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले. त्यांतील भूतदया आम्हांस शिरोधार्य आहे. मात्र आपल्या पानांत जें जें असेल तें तें कुत्र्याच्या पानांत वाढावें, असा तिचा अर्थ करणें योग्य नव्हे.

पालेभाजीविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. कांहीं म्हणतात, कुत्रा मांसाहारी, त्यास पाला कशाला? कांहीं शाकाहारी कुटुंबें त्यास केवळ भाजी-भातावर ठेवूं पाहतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. मनुष्याच्या सहवासांत कुत्रा भात-पोळी पचवूं लागला. लांडग्यापेक्षां त्याच्या ठिकाणीं ही शक्ति अधिक आहे, असें स्वीडनमधील संशोधकांनीं २०१३ सालीं दाखवून दिलें. परंतु पानांतील चोथा त्यास पचत नाहीं, व त्याचे दांत रवंथ करणाऱ्या गाईचे नव्हेत. म्हणून पाला हें त्याचें तोंडीलावणें असावें, जेवण नव्हे. तो वाफवून, बारीक चिरून, मीठ, तिखट व फोडणी न घालतां द्यावा. आणि असा सर्व वरखाऊ मिळून दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा.

कोथिंबीर किंवा थोडा कोबी चालेल. कोबी फार झाल्यास पोटांत वायु धरतो. पालकांत ऑक्झॅलिक आम्ल असतें, म्हणून तो क्वचित् द्यावा, आणि मूतखडा अथवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्यास मुळींच देऊं नये. कच्च्या अळूच्या पानांतील सुईसारखे स्फटिक तोंड व घसा पोळतात; श्रावणांत घरीं अळू आलें म्हणजे तें उंच ठेवावें. रुळांच्या कडेला पिकविलेल्या भाजीस नाल्याचें पाणी घातल्याच्या तक्रारी आपण वारंवार ऐकतों. तेव्हां भाजी कोठलीहि असो, ती आपल्यासाठीं धुतों तितकीच स्वच्छ त्याच्यासाठींहि धुवावी.

सर्वांत मोठा शत्रु म्हणजे कांद्याची पात. कांदा, लसूण व त्यांच्या पाती कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजविल्यानें हा दोष जात नाहीं. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक कांदा एका वेळीं पोटांत जाणें धोक्याचें आहे. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्यास पन्नास ग्रॅम पुरे! रोज थोडा थोडा दिल्यानेंहि अपाय होतो. लक्षणें कांहीं दिवसांनीं दिसतात: हिरड्या फिक्या पडतात, लघवी तांबूस होते, कुत्रा धापा टाकतो. म्हणून लक्षणांची वाट न पाहतां ताबडतोब पशुवैद्याकडे जावें. पातीचा झुणका व लसणीच्या फोडणीची भाजी उरली, तर ती कुत्र्याच्या वाडग्यांत ओतणें ही दया नव्हे.

यावर कोणी म्हणेल, "गांवचीं कुत्रीं सर्व कांहीं खातात, त्यांस कांहीं होत नाहीं." पण त्यांतलीं किती अकालीं मेलीं व कशानें मेलीं, याची मोजदाद कोणी ठेविली आहे? जें मुकें आहे त्याचें दुखणें आपल्यास दिसलें नाहीं, एवढ्यावरून तें नव्हतेंच असें ठरत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, ताटांतली नावडती भाजी हळूच खालीं सरकविणारा हात बहुधा तुमचाच असतो! तो हात पुढें होण्यापूर्वीं त्या भाजींत काय आहे, एवढें आईस विचारा. आणि पालकांनींहि या प्रश्नाचें उत्तर देण्यास कंटाळूं नये. ज्यास बोलतां येत नाहीं, त्याच्यासाठीं विचार करणें हें आपलें काम आहे.