देऊळ हललं, गाव उठलं

आस्वानहून अबू सिंबेलला जाणाऱ्या बसमध्ये पहाटे चारला बसले, तेव्हा मांडीवर नाश्त्याचा खोका होता आणि पिशवीत तीन मराठी प्रवासवर्णनं. पावणेतीनशे किलोमीटर नुसतं वाळवंट. पोहोचेपर्यंत ऊन भाजायला लागलं होतं. दुसऱ्या रामसेसचे ते वीस मीटर उंचीचे चार बैठे पुतळे समोर आले आणि मीही सगळ्यांसारखी गप्प झाले. देऊळ थोरच आहे. माझं भांडण देवळाशी नाही, त्याची गोष्ट आपण ज्या शब्दांत सांगतो त्यांच्याशी आहे.

गोष्ट सर्वांना पाठ आहे. नाईलवर मोठं धरण बांधायचं ठरलं. 1960 मध्ये युनेस्कोने जगाला हाक घातली. 1964 ते 1968 या काळात इथली दोन्ही देवळं कापून, हजारावर तुकडे करून, सुमारे 65 मीटर वर आणि 200 मीटर मागे पुन्हा उभी केली. जगाने वारसा वाचवला! माझ्याजवळच्या तिन्ही पुस्तकांत ही गोष्ट भारावून सांगितली आहे. 'धरणग्रस्त' हा शब्द एकातही नाही.

परक्या मुलुखाबद्दल लिहिताना शब्द सापडत नाही, ही आम्हा अनुवादकांची नेहमीची तक्रार. इथे ती सबब चालणार नाही. मुळशीपासून कोयना-उजनीपर्यंत मराठीने हा शब्द किंमत मोजून कमावला आहे. बुडीत क्षेत्र, पुनर्वसन, उठलेलं गाव हे सगळं आपल्याकडे आहे. मराठीत देऊळ 'हलवतात', गाव मात्र 'उठतं'. हा फरक ज्या भाषेला कळतो, तिच्या लेखकांना तो आस्वानच्या विमानतळावर उतरताच विसरायला कसा होतो?

त्याच धरणासाठी 1963-64 मध्ये इजिप्तमधले सुमारे 50 हजार न्युबियन लोक उठवले गेले आणि कोम ओम्बोजवळ, नदीपासून दूर, नव्या वसाहतींत नेऊन ठेवले गेले. जवळपास तितकेच सुदानमध्ये उठले. त्यांची खजुराची झाडं, घरं, कबरी पाण्याखाली गेल्या. नव्या वसाहतींना त्यांनी जुन्याच गावांची नावं दिली. देवळांचं नशीब बरं होतं. मदतीची परतफेड म्हणून देबोदचं देऊळ माद्रिदला गेलं, देंदूरचं न्यूयॉर्कला.

आपणही या गोष्टीबाहेर नाही. 1962 मध्ये बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारताचं पथक न्युबियात उत्खननाला गेलं होतं. पाणी चढण्याआधी जुन्या वस्त्यांचे अवशेष शोधणं हे त्यांचं काम होतं. वर नांदत्या वस्त्या होत्या, त्या उठायच्या होत्या.

कोणी म्हणेल, मग देऊळ बुडू द्यायचं होतं का? धरणाने वीज दिली, पाणी दिलं, ते नको होतं का? असं मी म्हणत नाही. देऊळ वाचलं ते चांगलंच झालं. पण दगडाच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक देऊन त्याची नेमकी जागा राखणारी व्यवस्था माणसांच्या बाबतीत इतकी ढोबळ का होते, हा प्रश्न देवळासमोर उभं राहूनही सुचत नसेल, तर आपण तिथे काय पाहिलं?

आणि ही फक्त जुनी गोष्ट नाही. इजिप्तच्या 2014 च्या संविधानाने न्युबियन लोकांना त्यांच्या मूळ प्रदेशात दहा वर्षांत परत आणण्याचं वचन दिलं. ती दहा वर्षं उलटली, गावं परत मिळाली नाहीत.

हे समजायला अरबी यावीच लागते असंही नाही. मुहम्मद खलील कासिम यांची 'अश-शमन्दूरा' ही न्युबियन कादंबरी 1968 मध्ये आली, ज्या वर्षी देवळं हलवण्याचं काम पुरं झालं त्याच वर्षी. हज्जाज हसन उद्दूल यांच्या कथा तर इंग्रजीतही आहेत. टूर कंपनीचं माहितीपत्रक आपण इंग्रजीतूनच वाचतो. त्याच इंग्रजीतून या कथाही वाचता येतील.

देवळासमोर निळं, शांत सरोवर पसरलेलं आहे. सगळे त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात. माझी मागणी लहान आहे. यापुढे अबू सिंबेलवर मराठीत, किंवा आपल्या कोणत्याही भाषेत, जो लिहील त्याने एकदा मागे वळावं आणि त्या पाण्यावरही एक परिच्छेद लिहावा. शब्द आपल्याकडे आहेत.