काळा पडदा : आधी निदान, मग औषध

'विंडोज १०'ला कंपनीकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. 'विंडोज ११'ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. म्हणजे २०१६-१७ मध्ये घेतलेला, अजून धडधाकट चालणारा लॅपटॉप एका तारखेने म्हातारा ठरला. अशा घरांत आता लिनक्सचे नाव निघू लागले आहे, आणि ते योग्यच आहे. फुकट, हलकी आणि नियमित दुरुस्त होणारी प्रणाली असेल, तर चांगले यंत्र भंगारात का घालायचे?

पण हौसेने पेनड्राइव्ह लावून लिनक्स सुरू करावे, तर अनेकांच्या वाट्याला येतो काळा पडदा. पंखा फिरत असतो, दिवा लागलेला असतो, पडद्यावर मात्र काही नाही. 'यंत्र गेलं' किंवा 'हे आपलं काम नाही' असे म्हणून माणूस हात टेकतो. माझे म्हणणे असे, की हा काळा पडदा बहुतेक वेळा यंत्राचा मृत्यू नसतो आणि वापरणाऱ्याचा अडाणीपणाही नसतो. यंत्राच्या अंतरंगाची माहिती कुलूपबंद ठेवण्याच्या धोरणाचे ते लक्षण आहे. लक्षणावर घरी उपाय करता येतो. रोगावर मात्र ग्राहक आणि सरकार यांनीच औषध काढायला हवे.

आधी शरीररचना समजून घेऊ. संगणक सुरू होताना पडद्यावर दिसणारे पहिले चित्र त्याच्या फर्मवेअरचे असते. मग लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ताबा घेतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हरकरवी पडद्याची खरी मापे ठरवतो : किती ठिपके, सेकंदाला किती वेळा, कोणत्या जोडणीवर. २००९ पासून हे काम कर्नलच्या आत होऊ लागले. ताबा देण्याघेण्याच्या या क्षणी ड्रायव्हर अडखळला, तर बाकी सगळा संगणक जिवंत असूनही पडदा काळा राहतो. त्यात अनेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात. एक इंटेलची किंवा एएमडीची, प्रोसेसरमधली, काटकसरी. दुसरी एनव्हिडियाची, ताकदवान. गरजेप्रमाणे दुसरी जागी करण्याची 'ऑप्टिमस' पद्धत २०१० मध्ये आली. अडखळण्याची बरीच ठिकाणे या जोडगोळीच्या समन्वयातच आहेत.

इंटरनेटवर या दुखण्यावर एकच पुडी वाटली जाते : 'नोमोडसेट'. संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रब हा मेनू आणायचा, 'ई' दाबायचे, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून हा शब्द इंग्रजी छोट्या अक्षरांत सलग लिहायचा आणि एफ१० दाबायचे. बऱ्याचदा पडदा उजळतो. पण ही पॅरासिटामॉल आहे. ताप उतरतो, संसर्ग राहतो. या शब्दाने कर्नलला सांगितले जाते, की पडद्याची मापे ठरवूच नकोस. मग चांगल्या चालणाऱ्या इंटेल चिपचेही हातपाय बांधले जातात. चित्र ओबडधोबड दिसते, व्हिडिओ अडखळतो, पडद्याचा उजेड कमीजास्त होत नाही. आत शिरून दुरुस्ती करण्यापुरता हा शब्द ठीक. तो कायमचा लिहून ठेवणे म्हणजे रोज गोळी घेत डॉक्टर टाळणे.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा : पडदा नेमका केव्हा काळा झाला? पेनड्राइव्हवरून सुरू करतानाच झाला आणि यंत्रात एनव्हिडियाची चिप असेल, तर संशय 'नूव्हो' या मुक्त ड्रायव्हरवर घ्यावा. इथे नोमोडसेटपेक्षा नेमका उपाय आहे. त्याच ओळीत नूव्होचे नाव (एन-ओ-यू-व्ही-ई-ए-यू), मग टिंब, मग 'मोडसेट', बरोबरचे चिन्ह आणि शून्य असे सलग लिहायचे. त्रास देणारी चिप तेवढी गप्प बसते. इंटेलची चिप पडदा नीट चालवते.

कर्नल अद्ययावत केल्यावर पडदा गेला असेल, तर ग्रबच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडावा. तो चालला, तर निदान बहुधा असे : एनव्हिडियाचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला गेलेला नाही. हे काम डीकेएमएस नावाची व्यवस्था आपोआप करते, पण त्या कर्नलच्या 'हेडर' फाइल नसतील तर ती अडते.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकल्यावर बिघडले असेल, तर 'सिक्युअर बूट' तपासा. ही सोय चालू असताना सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. त्यासाठी पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' हा पर्याय निवडून आपणच ठरवलेला पासवर्ड द्यायचा असतो. घाईत लोक 'कंटिन्यू' दाबतात आणि ड्रायव्हर दाराबाहेर राहतो. ड्रायव्हर घ्यायचा तोही प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातून. कंपनीच्या संकेतस्थळावरची फाइल उतरवून चालवू नये.

आणि एक साधी तपासणी. अंधारात मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. पुसट चित्र दिसले, तर ग्राफिक्स ठीक आहे. पडद्यामागचा प्रकाश तेवढा बंद आहे. तिथे ड्रायव्हर बदलत बसणे म्हणजे पोटदुखीवर चष्मा बदलणे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यावर अक्षरांचा पडदा आला, तर यंत्र शुद्धीवर आहे आणि दुरुस्ती आतूनच करता येईल. काहीही झाले तरी काळ्या पडद्याने फाइल पुसल्या जात नाहीत. अर्थात लिनक्स कायमचे टाकण्याआधी फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवणे हा नियम कोणीच मोडू नये.

हे झाले लक्षणांचे. मग रोग कोणता? नूव्हो हा ड्रायव्हर स्वयंसेवकांनी लिहिला, तो चिपचे वागणे बाहेरून निरखून. कारण एनव्हिडियाने तिची पुरेशी कागदपत्रे दिली नाहीत. २०१४ च्या सुमारास आलेल्या चिपपासून कंपनीने तिच्या अंतर्गत फर्मवेअरवर स्वतःची सही सक्तीची केली. परिणामी नूव्होला चिपचा वेगच वाढवता येईना. २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स यांनी या कंपनीचा जाहीर आणि असभ्य शब्दांत उद्धार केला, तो याच रागातून. पुढे मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. स्वागतच आहे, पण तो २०१८ मधल्या 'ट्युरिंग' पिढीपासूनच्या चिपपुरता.

आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. 'विंडोज ११'ने ज्यांना दार बंद केले, त्या सातव्या किंवा आधीच्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाची चिप असेल, तर ती बहुधा 'मॅक्सवेल' किंवा 'पास्कल' पिढीची : ९४०एमएक्स, जीटीएक्स १०५० वगैरे. या चिपना खुला ड्रायव्हर लागू नाही. नूव्हो त्यांना मंद गतीनेच चालवतो. आणि कंपनीच्या बंद ड्रायव्हरची त्यांना चालवणारी शेवटची मालिका ५८० ही आहे. म्हणजे लिनक्सची सर्वाधिक गरज ज्या यंत्रांना, त्यांचीच नेमकी तिन्ही बाजूंनी कोंडी. अशा लॅपटॉपवाल्यांना माझा सल्ला सरळ आहे : ती चिप विसरा. इंटेलच्या चिपवर अभ्यास, लेखन, प्रोग्रॅमिंग, व्हिडिओ सगळे चालते, आणि बॅटरीही जास्त टिकते.

व्यापारी गुपिते जपावीच लागतात, असा युक्तिवाद कंपन्यांकडून होतो. तो पूर्ण खोटा नाही. पण एएमडीने २००७ मध्ये खुल्या ड्रायव्हरचे धोरण जाहीर करून कागदपत्रे द्यायला सुरुवात केली. इंटेलचा ड्रायव्हर तर कितीतरी वर्षे कर्नलमध्येच आहे. दोघांचीही दुकाने चालू आहेत. शिवाय कंपनी काही वर्षांनी ज्या चिपचा आधार काढून घेते, तिचे गुपित त्यानंतर कोणासाठी जपायचे? आधार थांबवायचा, तर माहिती खुली करायची, ही अट अवाजवी नाही.

लिनक्सवाल्यांनीही आरशात पाहायला हवे. कारण न सांगता गप्प होणारा पडदा हा वापरणाऱ्याचा अपमान आहे. 'ही चिप सापडली, हा ड्रायव्हर चालला नाही, साध्या चित्रावर आणतो आहे' एवढे वाक्य दाखवता आले, तर निम्मे लोक परत जाणार नाहीत. आणि विचारणाऱ्याला स्पष्टीकरणाशिवाय आज्ञांची यादी चिकटवणे हे तपासणीशिवाय प्रतिजैविक देण्यासारखेच आहे.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळही सुरू केले. चर्चा मात्र स्क्रू, सुटे भाग आणि बॅटरी यांभोवती जास्त फिरते. ड्रायव्हर हाही सुटा भागच आहे. तो मिळाला नाही, तर यंत्र तितकेच निकामी होते. केरळने सरकारी शाळांत मुक्त प्रणाली राबवून दाखवली आहे. आपल्या शाळा, महाविद्यालये आणि कार्यालये संगणकांच्या निविदा काढतात, तेव्हा त्यात एक ओळ घालावी : ग्राफिक्स आणि वायफायचे ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलमध्ये असले पाहिजेत. खर्च शून्य, आणि पाच वर्षांनी यंत्रे दुसऱ्या शाळेला देता येतील.

नवा लॅपटॉप घेणाऱ्यानेही दुकानात मेमरी आणि किमतीसोबत 'यात ग्राफिक्स चिप कोणती?' एवढे विचारावे. पुढे लिनक्सवर जाण्याची शक्यता असेल आणि मोठ्या गणनांची किंवा खेळांची गरज नसेल, तर एकाच, खुल्या ड्रायव्हरच्या चिपचे यंत्र घ्यावे. हा प्रश्न पुरेशा गिऱ्हाइकांनी विचारला, तर दुकानदार तो वितरकाला विचारेल आणि वितरक कंपनीला.