दार उचलून लावताय? आधी खांब बघा

जुन्या पिकअपचं दार लटकलं की आपण सगळे एकच करतो. हँडल धरून दार थोडं वर उचलायचं आणि आत ढकलायचं. खटका बसला की काम झालं. महिनाभरात हाताला सवय होते, नवा ड्रायव्हर आला की त्यालाही सांगतो, ‘उचलून लाव रे.’ मालकबंधूंनो, माझी कळकळीची विनंती आहे, ही सवय लावून घेऊ नका. बिजागरी ज्या खांबावर बसते तो खांब आतून कुजत चालला असेल, तर दार रोज तेच सांगत असतं.

मी हे अनुभवाने लिहितोय. माझी पिकअप मी जुनीच घेतली, रंग चकचकीत होता. एका एप्रिलात बंदरावर दार उघडलं, वाऱ्याचा झोत आला आणि खालची बिजागरी तळहाताएवढा पत्रा घेऊन बाहेर आली. दार वरच्या एका बिजागरीवर लोंबत राहिलं. तुटलेल्या पत्र्याला पुट्टीचा बोटभर जाड थर होता आणि त्याच्या मागे वर्तमानपत्राचा बोळा. कोणीतरी भोकात कागद कोंबून, वर पुट्टी मारून, रंग देऊन मोकळा झाला होता. हे घाटात, शेजारी कोणी बसलेलं असताना झालं असतं तर, या विचाराने मला कित्येक रात्री झोप आली नाही.

आपल्याकडे 1988 साली आलेल्या टाटामोबाइल 206च्या पिढीतल्या गाड्या आणि महिंद्राच्या जुन्या पिकअप अजून पोटापाण्याला राबतात. गाडी कोणतीही असो, खांब म्हणजे पत्र्याची पोकळ पेटी. पुढचं चाक चिखल उडवतं, तो मडगार्ड आणि खांब यांच्यामधल्या फटीत साचतो. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी आतून खांबात उतरतं. काचेखालच्या जाळीत आंब्याची पानं कुजून पाणी जायची भोकं बुजतात. त्यात आपण मासळीचे क्रेट वाहतो, बर्फाचं खारट पाणी ठिबकतं. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, म्हणून बाहेरून कोरडी दिसणारी गाडी आतून ओलीच असते. पाणी खाली उतरतं, त्यामुळे खालच्या बिजागरीची जागा बहुधा आधी जाते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पदरांच्या मधे तो धरला की पत्रे फुगून एकमेकांपासून सुटतात. रंगाला बिजागरीभोवती बारीक तडा दिसला तर तो रंगाचा दोष समजू नका.

तपासणीला पैसा लागत नाही. दार अर्धं उघडा, खालून कडेला धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला बिजागरीवर नजर ठेवायला सांगा. बिजागरीची खांबाकडची पट्टी जागेवर आणि फक्त दाराकडची पट्टी हलत असेल, तर पिन किंवा बुश झिजला आहे. तो बदलणं स्वस्त काम. पण पट्टीसकट खांबाचा पत्रा हलत असेल, तर दुखणं खोल आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने बिजागरीभोवती ठोकत जा. चांगला पत्रा टणटणतो, कुजलेला किंवा पुट्टीचा भाग भद्द वाजतो. खटका घासून किंवा सरकवून दार लावून देणारा कारागीर भेटला तर त्याला थांबवा. खटक्याचं काम दार बंद धरायचं, त्याचं वजन उचलायचं नव्हे.

दुरुस्तीत एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण चांगले कारागीरही ती चुकतात. बोल्टवर बसणाऱ्या बिजागरीमागे पुष्कळ गाड्यांत खांबाच्या आत आटे पाडलेली जाड पट्टी असते. ती एका पत्र्याच्या खिशात मुद्दाम सैल ठेवलेली असते, म्हणजे बोल्ट आवळण्याआधी दार थोडं वर-खाली सरकवून जुळवता येतं. खिसा कुजला की ही पट्टी आत पडते. मग घाई करून लोक तिथे नट थेट वेल्ड करतात. बिजागरी एकाच जागी अडकते आणि दार जन्मभर वाकडं बसतं. खिसा नव्याने करून घ्या, पट्टी सैलच राहू द्या.

दार काढण्याआधी बिजागरीच्या कडेने खांबावर टोकदार सुईने रेघ ओढून ठेवा. कापायला घेण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी टाके मारून बसवा, नाहीतर खांब कापताच केबिनचं माप हलतं. मडगार्ड बहुधा काढावंच लागतं. बॅटरीची वायर सोडा, खांबातून गेलेल्या वायरी बाजूला घ्या, इंधनाची टाकी जवळ असेल तर ती उतरवा. अडकलेल्या बोल्टला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल द्या. घाईने पाना मारला की डोकं तुटतं आणि एका दिवसाचं काम तीन दिवसांवर जातं.

मग कापा. मन घट्ट करून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत कापा, कुजक्या कडेला वेल्ड धरत नाही. नवा पत्रा चांगल्या जागी मोजलेल्या जाडीचाच घ्या. ‘मजबूत होईल’ म्हणून फार जाड पट्टी ठोकली तर तिच्या कडेचा पातळ पत्रा फाटतो. पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंग बरं, गॅसच्या आचेने तो वाकतो. बोटाच्या पेराएवढे टाके, एक इथे, एक तिथे, मधे थंड होऊ देत. दार परत बसवताना खटका काढून ठेवा, आधी चहूबाजूंची फट सारखी करा आणि खटका शेवटी बसवा.

वेल्डिंग झाल्यावर आतून प्राइमर, जोडांना सीलर आणि पोकळीत मेण फवारून घ्या. हे आधी केलं तर वेल्डच्या आचेने पेटेल. खांबाच्या तळाची पाणी जायची भोकं मात्र उघडी ठेवा. ती बुजवली तर एवढा खर्च दोन पावसाळ्यांत वाया गेलाच म्हणून समजा.

कोकणात या कामाला योग्य वेळ एकच, दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यापासून आंब्याचा हंगाम सुरू होईपर्यंत. जूनमध्ये दमट लोखंडावर मारलेला प्राइमर धरत नाही आणि हंगामात गाडी उभी ठेवणं परवडत नाही. तेव्हा आजच संध्याकाळी गाडी उभी केलीत की दार अर्धं उघडा, खालच्या कोपऱ्याला हात घाला आणि एकदा उचलून बघा.