डाव आरंभीच हरतो

बुद्धिबळात दहा-बारा खेळ्यांत मात खाणाऱ्या मुलाविषयी आपल्या शिकल्यासवरल्या घरांतून एकच निकाल दिला जातो : मुलाला डोके नाही. निकाल देणारे स्वतः बहुधा खेळत नाहीत. पण खेळाच्या नावातच बुद्धी असल्यामुळे हरणाऱ्याच्या वाट्यास तिचा अभाव आलाच पाहिजे, असे त्यांस वाटते. हा निकाल नुसता चुकीचा नव्हे, तर अन्यायाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दहा खेळ्यांत संपणारा डाव बुद्धीच्या उणेअधिकपणाने संपत नाही. आरंभ बिघडला म्हणून तो संपतो. आणि आरंभ नीट करणे ही शिकविण्याची गोष्ट आहे, जन्माबरोबर आणण्याची नव्हे.

सर्वांत लहान डाव घ्या. पांढऱ्याने राजाच्या उंटापुढील प्यादे एक घर आणि त्याच बाजूच्या घोड्यापुढील प्यादे दोन घरे लोटले, आणि दरम्यान काळ्याने राजापुढील प्यादे काढून वजिराला वाट करून दिली, की काळ्याच्या दुसऱ्याच खेळीस मात होते. येथे पराभूताने बुद्धी हरविली असे कोण म्हणेल? त्याने आपल्या राजाची भिंत आपल्याच हाताने पाडली आणि एकही मोहरे मदतीस बाहेर काढले नाही. हे करू नये असे त्यास कोणी सांगितले नव्हते, एवढाच काय तो त्याचा अपराध.

दुसरा डाव चार खेळ्यांच्या मातेचा. राजाच्या उंटापुढील प्याद्याला आरंभी एकट्या राजाचाच जोर असतो. वजीर आणि उंट यांनी मिळून त्यावर नेम धरला आणि समोरच्याचे लक्ष नसले, की चौथ्या खेळीस वजीर ते प्यादे मारून मात करतो. आमच्या घराघरांतील काका-मामा मुलांस खेळ शिकविताना पहिल्या प्रथम हीच क्लृप्ती शिकवितात, आणि मुलाने ती शेजारच्या पोरावर यशस्वी करून दाखविली की त्याची पाठ थोपटतात. आमचा मुख्य आक्षेप याच कौतुकावर आहे. या क्लृप्तीने हरणारा खट्टू होतो, आणि जिंकणारा बिघडतो. कारण जाणत्या प्रतिस्पर्ध्यापुढे तिचे काय होते ते पाहा. काळ्याने वजिराकडील घोडा आधीच काढलेला असतो; उंट आला की तो राजाच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सारून वजिराला हुसकावतो. वजीर मागे येऊन पुन्हा तोच नेम धरतो, तेव्हा काळा दुसरा घोडा काढून वाट बंद करतो. हिशेब मांडला तर काळ्याचे दोन घोडे मैदानात आले. पांढऱ्याचा वजीर दोनदा धावला आणि शेवटी आपल्याच घोड्याच्या हक्काच्या घरावर बसून राहिला. फुकट मिळालेल्या विजयाची सवय लागलेले मूल येथून पुढे काय करावे हे जाणत नाही, आणि तेही लवकरच हरते.

याच रोगाचे थोरामोठ्यांतील उदाहरण १८५८ सालचे आहे. पॅरिसच्या संगीतनाट्यगृहात अमेरिकेच्या पॉल मॉर्फी या एकवीस वर्षांच्या तरुणाशी ब्रन्सविकचे ड्यूक आणि काउंट इझुआर हे दोघे मिळून खेळले, आणि सतराव्या खेळीस त्यांच्यावर मात झाली. मॉर्फीने अखेरीस वजीरही बळी दिला, म्हणून लोक त्या बलिदानाचे गोडवे गातात. परंतु त्याहून शिकण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. त्या दोघा सरदारांनी आपला वजीर राजासमोर आणून स्वतःच्याच उंटाची वाट अडविली, आणि राजाकडील उंट व हत्ती ही दोन मोहरी मात होईपर्यंत घरून हललीच नाहीत. सैन्याचा मोठा भाग छावणीत झोपलेला असता रणात जो पराभव होतो, त्याला सेनापतीची बुद्धी नव्हे, तर त्याचा आरंभ जबाबदार असतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की आरंभाचे शास्त्र अफाट आहे. त्यावर ग्रंथांच्या राशी पडल्या आहेत. शहरातील मुले शुल्क भरून वर्गांस जातात आणि वीस-वीस खेळ्या मुखोद्गत करतात. भोर-वेल्ह्याकडील विंझरसारख्या गावच्या मुलाने त्यांची बरोबरी कशी करावी? आमचे उत्तर असे की पाठांतर म्हणजे आरंभाचे ज्ञान नव्हे. १९८८ साली, म्हणजे ज्या वर्षी विश्वनाथन आनंद भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले त्याच वर्षी, स्वित्झर्लंडमधील बील येथे कोलंबियाच्या झापाता यांच्याशी ते अवघ्या सहा खेळ्यांत हरले. पाचव्या खेळीस त्यांनी उंट काढला. त्याच्या आदल्या वर्षी माइल्स आणि क्रिश्चनसेन यांच्या छापून आलेल्या डावात हीच खेळी झाली होती, आणि तेथे पांढऱ्याने तिचा फायदा घेतला नव्हता. झापातांनी मात्र वजीर आपल्या राजासमोर आणून ठेवला. काळ्याचा मधला घोडा आपल्या राजाच्या आड जखडला गेला, त्याला वाचविण्याचा उपाय उरला नाही, आणि आनंद यांनी डाव सोडला. पुढे जगज्जेता होणाऱ्या पुरुषासही छापील खेळीने तारले नाही. मग खेळीचे कारण न समजता ती घोकणाऱ्या मुलास ती काय तारणार?

दुसरा आक्षेप रक्ताचा. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे म्हणणारे खाडिलकर भगिनींकडे बोट दाखवितात. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली, आणि जयश्री व रोहिणी या त्यांच्या बहिणीही पुढे राष्ट्रीय विजेत्या झाल्या; तेव्हा हा गुण वंशाचाच, असा त्यांचा सिद्धान्त. पण तिघी बहिणींना घरातच तोडीचा जोडीदार होता, चूक त्याच संध्याकाळी दाखविणारे कोणी होते, हे या सिद्धान्तात बसत नाही म्हणून वगळावयाचे काय? आड भरलेला आहे. पोहरा सोडण्याची रीत दाखविणाराच नसतो, हे खरे दुखणे आहे.

या दुखण्याला एक जुने कारणही आहे. आमच्या आजोबा-पणजोबांच्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर जात असे, आणि राजाला एकदा घोड्याची चाल चालून निसटता येत असे. त्या खेळात सैन्याची मांडणी सावकाश होई. आरंभीची चूक निस्तरण्यास अवधी मिळे. आंतरराष्ट्रीय नियम आले, प्यादे पहिल्या खेळीस दोन घरे धावू लागले, डाव लवकर उघडू लागला. घरोघरचे शिकविणे मात्र जुन्याच बेतशीर चालीने राहिले. मोहऱ्यांच्या चाली सांगितल्या की शिक्षण संपले, ही समजूत तेथून आली आहे.

वास्तविक आरंभाचे नियम चार बोटांवर मोजण्याइतके आहेत. मधली घरे प्याद्यांनी धरावीत. घोडे व उंट लवकर बाहेर काढावेत, आणि निकड नसता एकच मोहरे दोनदा हलवू नये. वजिराला एकट्याने शिकारीस धाडू नये. आणि किल्लेकोट करून राजाला वेळीच सुरक्षित करावे. प्रत्येक नियमाचे कारण दहा वर्षांच्या मुलास समजते. आणि विंझरच्या मुलास तर ते अधिकच समजावे. तो भातखाचरांच्या मुलखात वाढतो. राब नीट भाजला नाही, रोप अशक्त निघाले, तर लावणीनंतर कितीही राबले तरी पीक उभारी धरीत नाही, हे त्याच्या घरात कोणी ग्रंथातून शिकलेले नसते. शिवाय तोरणा आणि राजगड हे त्याच्या परिसरातील किल्ले. १६४६-४७ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला, तेथे धन सापडले, आणि ते त्यांनी राजगडाच्या बांधणीस लावले, असे परंपरा सांगते. हाती आलेले बळ तत्काळ चढाईत न उधळता आधी राजाचे ठाणे बळकट करावे, हा किल्लेकोटाचा धडा याहून सोपा करून कोणता शिक्षक सांगेल?

म्हणून आमचे म्हणणे असे की लवकर हरणाऱ्या मुलाविषयी निवाडा देण्यापूर्वी त्याला आरंभ शिकविला होता काय, हे आधी विचारावे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापिले, ते काही महानगर नव्हते. तरी सांगलीची ओळख बुद्धिबळाचे गाव अशी झाली. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ज्या घरांनी पेढे वाटले, त्यांनी आपल्या गावच्या शाळेस दोन पट द्यावेत आणि आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे जाऊन बसावे. मुलाने डाव हरला की तो पुन्हा मांडावा, आणि कोणत्या खेळीस राजाची भिंत पडली ते त्याच्याकडूनच काढून घ्यावे. एवढे केल्यावरही जो हरेल त्याच्या बुद्धीविषयी बोलण्याचा अधिकार कोणास असेल तर असो. आज मात्र तो कोणासही नाही; कारण डाव मुलाने बिघडविण्यापूर्वी तो त्याला शिकविणाऱ्यांनी बिघडविलेला आहे.