भट्टी विझली, संघ उरला

सातारा-सांगलीकडे कुस्तीचा आखाडा आणि साखर कारखाना यांचे नाते जुने आहे. पश्चिम महाराष्ट्रातील काही कारखान्यांनी मल्लांना मानधन दिले, मैदाने भरविली, होतकरू पोरांच्या खुराकाचा भार उचलला. हे कौतुकाचेच काम आहे. पण कारखाना अडचणीत आला, संचालक मंडळ बदलले, गाळप घटले, म्हणजे त्या मल्लाचे काय? अशा वेळी पहिली कात्री कोठे लागते, हे आमच्या व्यापारी वाचकांना सांगावयास नको.

या प्रश्नाचे उत्तर आम्हास दूरच्या जपानमध्ये सापडले. तेथे रग्बी, म्हणजे अंडाकृती चेंडू हाती घेऊन धावण्याचा पंधरा-पंधरा गड्यांचा खेळ, कंपन्यांनीच वाढविला. टोयोटा, तोशिबा, कोबे स्टील अशा नामवंत कंपन्यांचे संघ प्रसिद्ध आहेत. खेळाडू कंपनीचे नोकर असत. दिवसा काम, नंतर सराव. २०२२ पासून तेथे नवी व्यावसायिक लीग सुरू झाली, तरी संघांची मुळे बहुतांशी कारखान्यांतच आहेत.

त्यापैकी कामाइशी गावची कथा आपण मुद्दाम ऐकावी. हे इवाते प्रांतातील समुद्रकाठचे पोलादाचे गाव. तेथील कारखान्याने १९५९ साली रग्बी संघ काढला. परिसरातील शाळा संपवून नोकरीस लागलेली मुले त्यात बरीच होती. या संघाने १९७९ ते १९८५ अशी सलग ७ वर्षे राष्ट्रीय विजेतेपद पटकाविले. पुढे पोलादाचा धंदा मंदावला आणि १९८९ साली कामाइशीच्या झोतभट्ट्या कायमच्या विझल्या. एके काळी ९० हजारांवर असलेली वस्ती आज निम्म्याहूनही कमी आहे.

असा संघ मोडीत निघावयाचा. पण गावाने तो सोडला नाही. २००१ साली तो गावाचा क्लब झाला, नाव पडले सीवेव्हज. कंपनी मदतीला राहिली, परंतु संघ एकट्या कंपनीचा राहिला नाही. ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीने या गावातील हजारावर माणसे नेली. तेव्हा हेच खेळाडू मदतीचे सामान खांद्यावरून वाहत होते. लाटेत वाहून गेलेल्या शाळांच्या जागी पुढे क्रीडांगण उभे राहिले आणि २०१९ च्या विश्वचषकात फिजी व उरुग्वे यांचा सामना तेथे झाला.

याउलट, ज्या संघांची दोरी केवळ कंपनीच्या हाती राहिली त्यांचे काय झाले? जपानमध्येच कोका-कोला कंपनीचा रग्बी संघ २०२१ साली, तर सॅनिक्स कंपनीचा २०२२ साली बंद झाला. आपल्याकडे महिंद्र युनायटेड या मुंबईच्या फुटबॉल संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. कंपनीने २०१० साली तो गुंडाळला. फगवाड्याच्या जेसीटी गिरणीचा संघ १९९६-९७ चा पहिला राष्ट्रीय लीग विजेता. तोही २०११ साली बंद पडला. विजेतेपदाने संघ वाचत नाही, हा याचा धडा.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण आपल्याच घरात आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले, ते लोकांच्या वर्गणीवर आणि कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून दिलेल्या पैशावर. त्यांनी देशासाठी कांस्यपदक आणले, आणि परत येऊन कुस्त्या करून ते कर्ज फेडले. लोकांचे मन मोठे होते. पण त्यांच्या पाठीशी कायमची संस्था नव्हती.

सबब आमची सूचना अशी. ज्या कारखान्यास संघ वा तालीम चालवावयाची आहे, त्याने ती नोंदणीकृत संस्था करावी, तिचे खाते वेगळे ठेवावे व तिच्या कार्यकारिणीवर गावातील माणसे घ्यावीत. मैदान संस्थेच्या नावे असावे. मिरज, कुपवाड, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींतील लहान उद्योजकांनी आणि सांगलीच्या हळद पेठेतील अडत्यांनी वर्षास थोडी थोडी रक्कम द्यावी. दहा दात्यांतला एक गळाला तरी तालमीचे दार बंद होत नाही. खेळाडूस मानधनाबरोबर हाताला कसबही द्यावे. खेळ सुटल्यावर घर कसबावरच चालते.

मोठ्या कंपन्यांना तर २०१३ च्या कंपनी कायद्याने वाट करून दिली आहे. कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या कंपनीने मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचा २ टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावयाचा असतो आणि ग्रामीण व ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण त्यात बसते. मात्र केवळ आपल्याच कामगारांसाठी केलेला किंवा जाहिरातीसाठी प्रायोजक म्हणून केलेला खर्च त्यात धरला जात नाही. म्हणजे कायदाही सांगतो, खेळ गावाचा करा.

आज कामाइशीच्या संघाच्या नावात निप्पॉन स्टील हे कंपनीचे नाव पुन्हा आले आहे. संघ गावाने जपला, म्हणूनच ते नाव लावण्याजोगे काही उरले होते. आपल्या कारखानदारांनी अध्यक्षांच्या नावाची कमान उभारण्याआधी एवढा विचार करावा.